आईची जुनी आवृत्ती

बारक्या पन्नाशीला टेकला होता. डोक्यावरच्या केसांनी केव्हाच काढता पाय घेतला होता आणि जिना चढताना गुडघे कुरकुरत होते. तरी घरात तो बारक्याच, कारण त्याच्यानंतर कोणी जन्मलं नाही आणि ते नाव रिकामं झालं नाही. लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलंच तर "अजून सगळं स्थिर व्हायचंय" म्हणायचा. हे संगणकाबद्दल की स्वतःबद्दल, ते विचारायच्या फंदात सहसा कोणी पडत नसे, कारण उत्तर लांबायचं.

त्याच्या संगणकावरची यंत्रणा सरळमार्गी माणसासाठी नव्हती. लोक तयार प्रोग्राम आणतात, बसवतात आणि कामाला लागतात. बारक्या प्रत्येक प्रोग्रामचा सोर्स, म्हणजे कोणीतरी लिहिलेला मूळ मजकूर, उतरवून घ्यायचा आणि तो आपल्याच संगणकावर कंपाइल करून त्याचा चालता प्रोग्राम बनवायचा. साधं घड्याळ पडद्यावर आणायचं तरी आधी यंत्र तासभर घुरघुरायचं आणि मग वेळ सांगायचं.

"म्हणजे सदरा हवा म्हणून कापूस पेरायचा," ताई एकदा म्हणाली होती. ताई म्हणजे थोरली बहीण. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि तिच्याकडचं सगळं तयार मिळालेलं होतं, नवऱ्यासकट.

"पण सदरा मापाचा होतो," बारक्या म्हणाला.

"होतो ना. तोवर माप बदलतं."

बारक्याला असल्या बोलण्याचं काही वाटत नसे. आत काय आहे ते पाहिल्याशिवाय मी घरात काही घेत नाही, हे त्याचं तत्त्व होतं. माणसाला एखादं तरी तत्त्व असावं लागतं, आणि बाकीची तत्त्वं नोकरीत खर्च झाली होती. त्यामुळे दुसऱ्या डिस्कवर त्यानं जगभरच्या प्रोग्रामांचे सोर्स जमवून ठेवले होते. त्यातले निम्मे तो आता वापरत नव्हता. काही तर लिहिणाऱ्यांनीही सोडून दिले होते. "उद्या त्यांची साइट बंद पडली तर?" तो म्हणायचा. एका फार जुन्या सापशिडीचा सोर्स आता जगात फक्त आपल्याकडे आहे, अशी त्याची समजूत होती, आणि ती बहुधा खरी होती.

हे सगळं घरात खपवून घेतलं जायचं ते पडद्यामुळे.

बाबा छापखान्यात मशीनमन होते. यंत्रांच्या खडखडाटानं त्यांचे कान निवृत्तीच्या आधीच निवृत्त झाले. पण त्यांचं अडलं नाही, कारण त्यांना आईचे ओठ वाचता यायचे. बाकी कोणाचे नाही, फक्त आईचे. ती टोमणा मारायच्या आधी डाव्या गालात किंचित हसते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यामुळे टोमणा निघायच्या आत उत्तर तयार असायचं. मग आईला तो आजार झाला. आधी हात गेले, मग जीभ जड व्हायला लागली, मग ओठ ऐकेनासे झाले. मान सारखी हलत राहायची. डोक्याला काही झालं नव्हतं. ते पूर्वीइतकंच तिखट होतं, फक्त बाहेर पडायची वाट बंद होत होती.

तेव्हा बारक्यानं आयुष्यातलं एकमेव उपयोगी काम केलं. आईच्या खुर्चीशेजारी माइक लावला आणि समोर मोठा पडदा. आई रोज दुपारी माइकसमोर बसून वाचायची. वर्तमानपत्र, औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर, शेजारणीविषयी स्वतःची मतं. जीभ जसजशी जड होत गेली तसतशी ती जास्त वाचत गेली, आणि या घोगऱ्या आवाजाचा अर्थ हा, त्या हुंकाराचा अर्थ तो, असं संगणक शिकत गेला. या शिकण्याची एक फाइल तयार झाली. मग आईच्या तोंडून जे निघायचं ते घरात कोणालाच कळत नसे, पण पडद्यावर मात्र स्वच्छ अक्षरं उमटायची.

"अहो, स्वेटर उलटा घातलाय. आता पाठ कुठली आणि पोट कुठलं हे मला ओळखायला लावू नका."

बाबा वाचायचे आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात विचारायचे, "ओळखता येत नसेल तर इतकी वर्षं काय केलंस?"

"डोळे मिटून घेतले," पडदा म्हणायचा.

बाबा इतके हसायचे की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायचे.

जो शब्द कळला नाही तिथे पडदा प्रश्नचिन्ह टाकायचा. आई पुन्हा बोलायची, पुन्हा प्रश्नचिन्ह, मग आई दुसरा शब्द शोधायची. वेळ लागायचा. पण वेळ सोडून त्या दोघांकडे दुसरं होतं तरी काय?

बारक्यानं या प्रोग्रामची आवृत्ती बांधून ठेवली होती. त्याच्या यंत्रणेत तशी सोय होती. एका फायलीत लिहून ठेवायचं की अमुक प्रोग्राम या आवृत्तीच्या पुढे न्यायचा नाही, मग जग कितीही पुढे जावो. त्या ओळीच्या वर त्यानं लिहिलं होतं: "आईचं आहे. हात लावू नये." दुसरं कोणी त्या संगणकाला हात लावतच नव्हतं. तेव्हा ही सूचना स्वतःलाच होती.

मग माइक बिघडला.

नवा माइक आणला तर यंत्रणेचा जुना गाभा त्याला ओळखेना. गाभा नवा करायचा तर कंपायलर नवा हवा. नव्या कंपायलरला नव्या चार लायब्रऱ्या हव्यात. लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रामांनी मिळून वापरायचा सामायिक भाग. त्या चारपैकी एक म्हणाली, आधी अमक्याची जुनी आवृत्ती काढा. अमका म्हणाला, माझ्यावर तिघं अवलंबून आहेत, त्यांना विचारा. तिघांपैकी दोघांचं आपसात पटत नव्हतं. बारक्या सकाळपासून मध्यस्थी करत होता. याला पुढे सरकव, त्याला मागे बसव, तिसऱ्याची समजूत काढ. लग्न जमवतानाचे मानपान परवडले, तिथे निदान जेवण तरी मिळतं.

"झालं का रे?" बाबा दारात येऊन ओरडले. "ती केव्हाची काहीतरी म्हणतेय."

"आज होईल, बाबा," त्यानं बोटांनी खूण केली.

"मला कळत नाहीये ती काय म्हणते. नुसतं हो हो करतोय. तिला राग येतोय."

"तो कसा कळला?"

बारक्यानं हे कागदावर लिहायच्या आत बाबा निघून गेले होते.

दुपारी सगळे जण राजी झाले. संगणकानं शेवटचा प्रश्न विचारला: पडद्याच्या प्रोग्रामची आवृत्ती तुम्ही बांधून ठेवली आहे, तेव्हा तीच ठेवतो. पण त्याच्या खालची आवाज ओळखणारी लायब्ररी नवी झाली आहे. जुना प्रोग्राम नव्या लायब्ररीवर पुन्हा कंपाइल करू का? बारक्यानं हो म्हटलं. वरचा मजला बांधून ठेवला आणि खालचा बदलला तरी घर तेच राहतं, असं त्याला वाटलं. प्रोग्राम एकाही तक्रारीशिवाय कंपाइल झाला. जे कंपाइल झालं ते सुखरूप आहे, हा त्याचा अनेक वर्षांचा समज होता. पहिल्यांदा सुरू करताना एक ओळ झरकन वर सरकली: आवाजाची फाइल नव्या स्वरूपात बदलली. वा, त्याला वाटलं, स्वतःहून करतो की.

पडदा लागला. आई बोलली. लगेच, पूर्वीसारखं न अडखळता, एकही प्रश्नचिन्ह न टाकता अक्षरं आली.

"धन्यवाद. आता खूप छान दिसतंय."

बारक्याला भरून आलं. आईनं त्याला धन्यवाद दिल्याची त्याच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ होती.

पुढचा आठवडा घरात फार सुखाचा गेला. आई भराभर बोलायची आणि पडदा भराभर लिहायचा. "आज मला बरं वाटतंय." "तुम्ही खूप काळजी घेता." "हवा किती सुंदर आहे." बाबा सुरुवातीला दचकले. मग त्यांना सवय झाली, आणि मग आवडायला लागलं. ते रोज दाढी करायला लागले. स्वेटर सरळ घालायला लागले. त्यांची खुर्ची पूर्वी आईकडे तोंड करून असायची. ती हळूहळू पडद्याकडे फिरली, कारण आता वाक्यं इतकी पटापट यायची की मान वळवायला सवड नव्हती.

"तुझी आई निवळली रे," ते एकदा बारक्याला म्हणाले. त्यांना वाटलं ते कुजबुजतायत. "आजारपणानं माणूस कडू होतो म्हणतात. हिचं उलटंच झालं."

आई त्या आठवड्यात फार बोलली. सकाळी, दुपारी, घास तोंडात असतानासुद्धा. तेच तेच पुन्हा बोलतेय असं बारक्याला दोनदा वाटलं, कारण आवाजाची चाल तीच होती. पण पडद्यावर दर वेळी वेगळं काहीतरी गोड यायचं, तेव्हा त्यानं आपल्या कानांपेक्षा पडद्यावर विश्वास ठेवला. कान त्यानं कंपाइल केलेले नव्हते.

रविवारी ताई आली. पर्स खाली ठेवेपर्यंत आई तिच्याकडे बघून बोलायला लागली. घशातून, जोर लावून.

"कृपया बसा. तुम्हाला भेटून आनंद झाला," पडदा म्हणाला.

ताई बसली नाही. "कृपया?" ती म्हणाली. "आपल्या आईनं? मला?"

"नवी आवृत्ती आहे," बारक्या म्हणाला. "खूप सुधारलीय."

"कोण, आई?"

"प्रोग्राम गं."

"बारक्या, तिच्या तोंडाकडे बघ. ती रडतेय."

बारक्यानं पाहिलं. आईच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती बोलतच होती. पडद्यावर आलं, "आजचा दिवस खूप छान आहे." बाबा वाचून समाधानानं मान डोलवत होते.

ताई आईसमोर खाली बसली. "आई, हे तू बोललीस का? हो असेल तर डोळे मीट."

आईनं डोळे मिटले नाहीत. ताणून ताणून उघडे ठेवले. पाणी येत होतं, झोंबत असणार, पण पापणी लवू दिली नाही. दरम्यान घशातून काहीतरी निघालं आणि पडद्यानं लिहिलं, "हो, अगदी बरोबर."

बारक्या संगणकाकडे धावला. धावला म्हणजे त्याच खोलीत चार पावलं गेला. त्यानं नव्या लायब्ररीच्या सूचना काढून वाचल्या. आठवड्यापूर्वी त्या त्याच्या डोळ्यांसमोरून वर सरकून गेल्या होत्या. त्यात सगळं सरळ लिहिलं होतं. जुनी लायब्ररी एकेका माणसाचा आवाज शिकायची आणि न कळलं तर प्रश्नचिन्ह टाकून गप्प बसायची. नवी सुशिक्षित होती. न कळलं तरी बोलायची. अशा ठिकाणी लोक साधारणपणे काय म्हणतात ते तिला माहीत होतं, आणि ते ती म्हणायची. आईसारखं कोणीच साधारणपणे बोलत नव्हतं.

"जुनी आवृत्ती परत टाक," ताई म्हणाली. "ढिगानं साठवून ठेवल्यास ना? टाक."

"टाकतोच आहे."

जुन्या लायब्ररीचा सोर्स त्याच्याकडे होता. असणारच. तो कंपाइल व्हायला दुपार गेली. ताई आईचं तोंड पुसत बसली. बाबा विचारत राहिले, काय झालं, पडदा का बंद केला, आणि कोणी त्यांना सांगितलं नाही. जुनी लायब्ररी तयार झाली, जुना प्रोग्राम तिच्यावर बसला, सगळं अगदी पूर्वीसारखं झालं, आणि त्यानं आवाजाची फाइल उघडायला नकार दिला. फाइल नव्या स्वरूपात होती. नव्यातून जुन्यात जायची वाट लिहिणाऱ्यांनी ठेवली नव्हती. मागे कोण जातं?

"दुसरी प्रत असेल ना?" ताईनं विचारलं. "तू तर रोज प्रती काढतोस."

"काढतो. पण शेवटच्या काही दिवसांच्याच ठेवतो. त्याआधीच्या आपोआप पुसल्या जातात."

"मग शेवटच्या दिवसांच्या?"

"नव्याच आहेत सगळ्या. आठवडा झाला, ताई. आठवडाभर कोणाला कळलंच नाही."

"तिला कळलं होतं," ताई म्हणाली.

बारक्या प्रतींच्या तारखा पुन्हा वरपासून खालपर्यंत बघायला लागला. ताईच पुन्हा म्हणाली, "बरं, मग पहिल्यापासून शिकव. ती इतके महिने माइकसमोर वाचत बसायची. ते रेकॉर्डिंग आहे ना? तेच पुन्हा ऐकव याला."

बारक्या पडद्याकडे बघत राहिला. पडद्यावर काही नव्हतं.

"बारक्या. रेकॉर्डिंग कुठेय?"

"पुसलं."

"का?"

"जागा लागत होती. फाइल तयार झाली होती, मग मूळ आवाज ठेवून काय करायचं, असं..."

"कशासाठी लागत होती जागा?"

सांगण्यासारखं नव्हतं. सापशिडी त्या डिस्कवर अजून होती. तीन प्रकारचे टंकलेखन शिकवणारे प्रोग्राम होते, आणि एक असा छपाईचा प्रोग्राम होता की त्याला चालणारी छपाईयंत्रं आता भंगारातही मिळत नव्हती. प्रत्येकाच्या प्रत्येक आवृत्तीचा सोर्स, नीट नावानिशी लावून ठेवलेला. सगळ्या जगाचा सोर्स सांभाळणाऱ्या या माणसानं आईचा तेवढा पुसला होता आणि तयार माल ठेवला होता. आत काय आहे ते पाहिल्याशिवाय घरात काही न घेणारा माणूस.

तरी त्यानं आईला पुन्हा माइकसमोर बसवलं. समोर वर्तमानपत्र धरलं. आईनं प्रयत्न केला. पहिल्या ओळीला जो आवाज निघाला तोच दुसऱ्या ओळीला निघाला आणि तोच तिसऱ्या ओळीला. जीभ आता सगळ्या अक्षरांना एकच किंमत देत होती. पूर्वी ती पायरी पायरीनं उतरली होती आणि संगणक प्रत्येक पायरीवर तिच्यासोबत होता. आता त्या पायऱ्या उरल्या नव्हत्या, ती एकदम तळाशी होती. चौथ्या ओळीला तिनं वाचायचं थांबवलं आणि वर्तमानपत्राच्या कडेवरून त्याच्याकडे बघितलं. पूर्वी अशा वेळी पडद्यावर काहीतरी झणझणीत आलं असतं.

"अक्षरांचा तक्ता करू," ताई म्हणाली. "डोळ्यांनी एकेक अक्षर निवडेल."

केला. पण डोळेही थकत होते. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत आईनं दोन अक्षरं निवडली, आणि तिसऱ्याला पापण्या मिटल्या त्या झोपेनं की होकारानं, हे कोणाला ठरवता आलं नाही. त्या दोन अक्षरांवरून आठवड्यात ती काय सांगत होती याचा ताईनं आणि बारक्यानं पुष्कळ तर्क केला. अनेक शब्द त्या दोन अक्षरांनी सुरू होत होते.

बाबांना सांगणं राहिलं होतं. बारक्यानं ते पुढे ढकललं, मग आणखी पुढे ढकललं. शेवटी ताई म्हणाली, "मी सांगू?" तेव्हा तो लाजेनं उठला. त्यानं नवी आवृत्ती परत बसवली, कारण साध्या माणसांचं बोलणं ती उत्तम लिहायची आणि हे सगळं स्वतःच्या हातानं कागदावर लिहायचा त्याला धीर नव्हता. माइकजवळ तोंड नेऊन तो म्हणाला, "बाबा, आठवडाभर पडद्यावर जे येत होतं ते आईचं बोलणं नव्हतं. यंत्र मनानं लिहीत होतं. तिचं खरं बोलणं ओळखणारी फाइल माझ्या चुकीनं गेली. परत येणार नाही."

पडद्यानं एकही चूक न करता ते लिहिलं.

बाबांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"मग मी कोणाशी बोलत होतो?" त्यांनी विचारलं.

बारक्यानं तोंड माइकपासून मागे घेतलं.

बाबा उठले. त्यांनी आपली खुर्ची ओढत पूर्वीच्या जागी आणली, आईच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी. तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, म्हणजे मान हलायची थांबली, आणि ते तिच्या ओठांकडे बघत राहिले.

"बोल," ते म्हणाले. "सावकाश बोल. मी इथेच आहे."

आई बोलली. ओठ हलले नाहीत. श्वास आला.

"काय?"

पुन्हा श्वास आला.

"काय गं? पुन्हा बोल."

ती पुन्हा बोलली. बाबांचे डोळे तिच्या डाव्या गालावर गेले, तिथे काही हललं का ते शोधत राहिले. काही हललं नाही. "काय?" ते म्हणाले, आणि पुन्हा "काय?" म्हणाले. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, त्यामुळे तो किती वाढलाय ते त्यांना कळलं नाही. ताई बाहेरच्या खोलीत निघून गेली. बराच वेळ असं चाललं. मग आईच्या कपाळाला घाम आला आणि ती थांबली. बाबांनी तिचा चेहरा हळूच सोडला. मान पुन्हा हलायला लागली, हो म्हणत असावी किंवा नाही म्हणत असावी अशी.

बाबा उठले. खुर्ची फिरवली. पडद्याकडे तोंड करून बसले.

"चालू ठेव ते," ते बारक्याला म्हणाले.

बारक्यानं हातवारे केले, खोटं आहे, ते खोटं आहे, बाबा.

"वाचता येतंय मला," बाबा म्हणाले. "समजलंय. तू चालू ठेव."

आईनं पडद्याकडे पाहिलं, बाबांच्या पाठीकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. त्यानंतर ती बोलायचीच बंद झाली. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. तिच्याकडे एवढीच एक गोष्ट उरली होती, न बोलणं, आणि ती तिनं केली.

पण नव्या आवृत्तीला गप्प बसता येत नव्हतं. खोलीत कोणी काही बोललं नाही, नुसता श्वासांचा आवाज असला, रस्त्यावरून गाडी गेली, तरी अशा शांततेत लोक साधारणपणे काय म्हणतात ते तिला माहीत होतं.

"धन्यवाद," पडद्यावर आलं.

"त्यात धन्यवाद कसले," बाबा म्हणाले.

बारक्या संगणकापाशी बसला होता. शांततेला गप्प ठेवायची सोय त्या लायब्ररीत होती. सूचनांमध्ये दिलेली होती, एका ओळीचं काम होतं. त्यानं ती ओळ लिहिली, एकदा वाचली, आणि पुसून टाकली.

"तुम्ही खूप काळजी घेता," पडदा म्हणाला.

"घेतोय आपला," बाबा म्हणाले, "जमेल तशी."

त्यांच्यामागे आई डोळे उघडे ठेवून बसली होती.